पहिल्या हाकेला

१६ डिसेंबर २०२४

हर्षाली,

नावाआधी 'चि.' लिहायला घेतलं आणि हात अडला. तुमच्या घरातल्या पोरीला ते अक्षर लिहायची माझी आता हिंमत होत नाही, म्हणून नुसतंच नाव लिहितो. व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंयस. फोन उचलत नाहीस. तुझ्या कॉलेजच्या ऑफिसात फोन केला तर "मॅडम ग्राउंडवर आहेत" हे ठरलेलं उत्तर येतं, मग सकाळ असो की दुपार. तेव्हा टपालाने लिहितोय. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

काम असं. जानेवारीअखेर पुण्यात निमंत्रित कॉलेजांची बास्केटबॉल स्पर्धा आहे, तिचा ड्रॉ आला. तुझ्या मुली वरच्या अर्ध्यात, माझ्या खालच्या. दोन्ही संघ नीट खेळले तर गाठ फायनललाच पडणार. समोरच्या बाकावर तुझे जुने भरत सर दिसले की तुला तोंड फिरवावं लागेल, तेव्हा मानेला आधीच व्यायाम देऊन ठेव. एवढंच सांगायला लिहितोय असं समज.

तेवढंच नाही, हे तुलाही कळतंय. मी मुद्द्यावर यायला नेहमीच वेळ लावतो.

गेल्या जानेवारीत, प्राचीच्या दहाव्याला, तू नदीवर सगळ्यांदेखत मला म्हणालीस, "तुमच्या झोनपायी तुम्ही तिला इथं डांबून ठेवलीत. माझ्याकडे पुण्याला आली असती तर आज असती." मी म्हणालो, तिला यायचंच नव्हतं. तू विचारलंस, "ती तसं म्हणाली?" ती तसं म्हणाली नव्हती, आणि उलटही म्हणाली नव्हती. मी तिला दोनदा विचारलं होतं, तूही विचारलं असशील. मैदानावर जिच्या तोंडाला कुलूप नव्हतं ती तुझी धाकटी बहीण या एका प्रश्नाला खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसायची. तू तुझ्या सोयीचा अर्थ घेतलास, मी माझ्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तुझाही गेला नाही आणि माझाही.

तर खेळाचं बोलू. त्यात निदान आपलं भांडण जुनं आणि आवडीचं आहे.

तू झोनला, माझ्या बचावाच्या पद्धतीला, आळशांचा खेळ म्हणायचीस. तुझ्या मुली मॅन टू मॅन खेळतात, म्हणजे प्रत्येकीने आपापली एक धरायची आणि ती जाईल तिथे तिच्यामागे फरफटत जायचं. मी तुला तेव्हाही सांगत होतो, ज्वारी राखणारा माणूस एका पाखरामागे शिवारभर धावत नाही. तो आपल्या माळ्यावर उभा राहतो आणि आपल्या तुकड्यात जे पाखरू उतरेल ते हाकलतो. पुढे दोघी, मागे तिघी, प्रत्येकीला तिची जमीन वाटून दिलेली. समोरची कितीही नाचली तरी जागा सोडायची नाही. आणि मागच्या तिघींतली मधली, जी रिंगखाली उभी असते, तिला अख्खं मैदान दिसतं. तिने बोलायचं, बाकीच्या चौघींनी ऐकायचं. "डावी!" "कॉर्नर!" "एक पाऊल मागं!" बॉल समोरचीच्या हातातून सुटला की तो हवेत असतानाच पाचही जणी हलल्या पाहिजेत. डोळ्यांनी बघून हललं तर अर्धं पाऊल उशीर होतो. ऐकून हललं तर वेळेवर पोचतो. म्हणून मी पहिल्या दिवसापासून घोकून घेतो: पहिल्या हाकेला वळायचं, का आणि कशाला हे नंतर विचारायचं. तुलाही मी हेच शिकवलं होतं. तू प्राचीला अंगणात शिकवलंस.

या मोसमात आम्ही एकही सामना हरलेलो नाही. आणि या मोसमात आमच्या झोनमध्ये कोणीही बोलत नाही.

परवा मंचरला सामना होता. पूर्ण वेळ आमच्या बाजूला नुसता बुटांचा आवाज. पाचही जणी तोंड मिटून, तरी बॉल सुटायच्या आधी वळत होत्या. समोरच्या संघाचे सर मला म्हणाले, "काय शिस्त आहे राव तुमच्या पोरींची!" मी हसलो, आणि मग नळावर जाऊन तोंडावर पाणी मारून आलो. गाडीत मी कॅप्टन आरतीला विचारलं, "तुम्हाला सांगतं कोण गं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विचित्र बोललो. म्हणाली, "प्राची सांगती की, सर. तुमाला न्हाई का येत ऐकू?"

उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

तुझा,
भरत सर


५ जानेवारी २०२५

हर्षाली,

पत्र पोचल्याची पावती आली आहे, तिच्यावर तुझी सही आहे. म्हणजे तू वाचलंस आणि गप्प बसलीस. बरं. मी थापा मारतोय असं तुला वाटत असेल. मलाही आधी पोरी थापा मारतायत असंच वाटत होतं.

जे मी तुला त्या वेळी सांगितलं नाही ते आता सांगतो. तू तेव्हा ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हतीस.

प्रॅक्टिस संपल्यावर आपल्या खोडद रस्त्याच्या मुली कालव्याच्या भरावावरून वस्त्यांवर जातात, हे तुला काय सांगायचं, तूही तशीच गेलीयस. दोन्ही बाजूंना ऊस. बिबट्याच्या धाकाने एका ओळीत चालायचं, पुढचीने मोबाइलवर गाणी लावायची, सगळ्यात मागचीने एकेकीला हाक मारत राहायचं आणि बाकीच्यांनी ओ द्यायची. आवाज असला की जनावर वाटेला येत नाही, असं आपण सगळेच मानतो. आपली प्राची नेहमी मागे. मैदानावर मागे आणि वाटेवरही मागे.

त्या संध्याकाळी कालव्याला आवर्तन सुटलेलं होतं, शेतीचं पाणी काठोकाठ वाहत होतं. ती पाय धुवायला उतरली की घसरली, कुणी पाहिलं नाही. मुली पुढे चालत राहिल्या, पुलावर आल्यावर आरतीने मागे पाहिलं तर ही नाही. पोलिसांना त्यांनी एवढंच सांगितलं. मला आरतीने आणखी एक गोष्ट सांगितली. प्राचीची बॅग सापडली ती उंबरापाशी, पुलाच्या बरीच अलीकडे. पण आरती शपथ घेऊन सांगते, "सर, पुलापत्तर ती हाका मारत व्हती. माझं नाव घेतलं, मी ओ दिली." बाकीच्या तिघीही तेच म्हणतात. हे मी पोलिसांना सांगितलं नाही. तुझ्या आईलाही सांगितलं नाही.

आता आरोहीचं ऐक. हिला तू ओळखत नाहीस. पहिल्या वर्षाला आहे, आहुप्याची पोरगी. डोंगरातली, काटक, मांजरासारखी पडून उठणारी. इथे तिच्या मोहिनी मावशीकडे राहते, तीही वस्ती कालव्याच्याच काठाला. तिने प्राचीला कधी पाहिलेलंसुद्धा नाही. जूनमध्ये मी तिला प्राचीच्या जागेवर, मधे, उभी केली. नवी पोर, गोंधळेल, ओरडायला लाजेल, असं धरून चाललो होतो. ती लाजलीच, एक शब्द बोलली नाही. पण चौथ्या-पाचव्या दिवशी ती प्राचीसारखी हलायला लागली. बॉल उजवीकडून आला की प्राची आधी डावा खांदा पाडायची, आठवतं? तसाच.

मंचरहून आल्यावर मी तिला विचारलं, तर सरळ म्हणाली, "मागनं सांगत्यात ना, सर." तिच्या मागे रिंगचा खांब आणि कंपाउंडची भिंत आहे.

तोवर मी भ्यालो होतो, पण भीतीसुद्धा जिंकत असताना सुसह्य असते. प्राचार्य खूश, पेपरात फोटो, मी म्हटलं चालू दे. गेल्या मंगळवारपर्यंत.

मंगळवारी पुन्हा आवर्तन सुटलं. मोहिनीबाई गवताचा भारा घेऊन येत होत्या, त्यांना आरोही भरावाच्या कडेला दिसली, पाण्याकडे पाठ करून उभी. गुडघे वाकवून, हात पसरून. झोनमध्ये उभी राहते तशी. बाईंनी लांबून दोनदा हाक मारली. हिने लक्ष दिलं नाही आणि एक पाऊल मागे घेतलं. मग आणखी एक. कालव्याच्या सिमेंटच्या अस्तरावर, उतारावर टाच गेली तेव्हा बाईंनी भारा टाकून तिची ओढणी धरली. पोरीला विचारलं तर म्हणते, "मागं ये, मागं ये, असं सांगत व्हत्या. मी सरकले."

हर्षाली, मी घरी बसवू का तिला? बसवून पाहिली. दुसऱ्या दिवशी मधे दुसरी मुलगी उभी केली तर ती पंधरा मिनिटांत डावा खांदा पाडायला लागली, आणि आरोही कंपाउंडबाहेर उभी राहून तशीच हलत होती. मॅन टू मॅन खेळवून पाहिलं, तुला हसू येईल. शिट्टी वाजली की पाचही जणी आपोआप पुढे दोन, मागे तीन अशा झोनमध्ये जाऊन उभ्या. प्रॅक्टिस बंद केली तर पहाटे माझ्याशिवाय ग्राउंडवर येतात. आणि त्यांना मी काय सांगू? ज्या आवाजाने सगळे सामने जिंकून दिले तो ऐकू नका, असं? जिंकणाऱ्याला कोण थांबवू शकलंय.

माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आहे. लिहायला लाज वाटते. पुढच्या पत्रात लिहीन, तोवर लाज कमी झाली तर.

भरत सर


१४ जानेवारी २०२५

हर्षाली,

आज संक्रांत, गोड बोलायचा दिवस. मी आज फितुरी करणार आहे, तीही शिवनेरीच्या पायथ्याशी बसून. वरून कोणी कडेलोट केला तर तक्रार करणार नाही.

सकाळी आरोहीचे आजोबा आले होते, जानकूबाबा. आहुप्याहून पहिल्या एसटीने घोडेगाव, तिथून इकडे. मोहिनीबाईंनी बोलावून घेतलं होतं. ऐंशीच्या घरातला माणूस, खुर्चीवर बसायला तयार नाही, ग्राउंडच्या कडेला उकिडवा बसला आणि पोरींचा सराव बघत राहिला. चहा दिला तो गार झाला. मग मला म्हणाला, "ह्यो खेळ काय हाय, मला समजावा."

मी समजावलं. पुढच्या दोघी, मागच्या तिघी, वाटून दिलेली जागा, मधलीची हाक. पहिल्या हाकेला वळायचं, हेही सांगितलं. मोठ्या अभिमानाने सांगितलं.

बाबांनी मान हलवली. "सर, आमच्या तिकडं देवाचं रान हाय. तिथं, नाय तर कुठंबी रानात, मागनं हाक आली तर पहिल्या हाकंला कुणी वळत न्हाई. दुसरीलाबी न्हाई. तिसरी आली तर माणूस समजायचं. मेलेल्याला तिसरी हाक मारता येत न्हाई. ह्ये आमच्या पोरांना चालाया लागायच्या आदी शिकिवत्यात. आरोहीलाबी शिकिवलं व्हतं." मग म्हणाले, "तुमी ते मोडलं."

मी म्हणालो, "बाबा, तिसऱ्या हाकेपर्यंत थांबलं तर बॉल बास्केटात जातो."

"जाऊ द्या की," बाबा म्हणाले. "बॉलच हाय."

मला राग आला. तीस वर्षं मी जे शिकवलं त्यावर डोंगरातला म्हातारा चहा गार करता करता पाणी ओततो म्हणजे काय! पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी त्याला दुसरा चहा मागवला. तो नातीला घेऊन जायला आला होता. ती गेली नाही. "फायनल खेळून येते, आज्या," एवढंच म्हणाली, आणि बोलताना सारखी खांद्यावरून मागे बघत होती. बाबा एकटेच परत गेले.

तर आता माझी फितुरी. तुझ्या मुलींनी आम्हाला हरवायचं. नुसतं हरवून भागणार नाही, झोन फोडून हरवायचं, सगळ्यांदेखत. तो आवाज सांगतोय तिथे माझ्या पोरी वळल्या आणि तरीही बास्केट झाली, पुन्हा झाली, पुन्हा झाली, म्हणजे मग त्याच्यावरचा विश्वास उडेल. हरलेल्या पोरी एकमेकींना शिव्या देतील, रडतील, पण शुद्धीवर येतील. मला दुसरा उपाय दिसत नाही. कालव्याला पुढचं आवर्तन सुटायच्या आत हे झालं पाहिजे.

माझा झोन कुठे फुटतो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. फ्री थ्रो लाइनच्या, म्हणजे रिंगसमोरच्या रेघेच्या, मधोमध. तुमची मुलगी बाहेर बॉल घेऊन उभी राहिली की आमच्या पुढच्या दोघी तिच्यावर जातात, आणि त्यांच्या पाठीमागे, मागच्या तिघींच्या पुढे, अंगणाएवढी जागा उघडी पडते. तिथे तुझी उंच मुलगी रिंगकडे पाठ करून उभी कर. तिच्या हातात बॉल पडला की आमची मधली पेचात सापडते. पुढे आली तर मागे रिंग उघडी, जागेवर थांबली तर समोरून शॉट. प्राची तिथे पुढे येण्याचं नुसतं सोंग करायची आणि मागेच राहायची. तिच्याइतकं ते कुणाला जमलेलं नाही. यांना तो आवाज वेळेवर सांगतो, म्हणून तुझ्या मुलींनी आत आलेला बॉल हातात ठेवायचा नाही, आला की लगेच पलीकडच्या कॉर्नरला. आमची बाजू वळते न वळते तोच परत आत. झोन धावून दमत नाही, वळून वळून दमतो. आणि शॉट चुकला तरी रिंगखाली घुसत राहा. मॅन टू मॅनमध्ये प्रत्येकीला आपली कोण ते माहीत असतं, ती तिला अडवते. झोनमध्ये नेमून दिलेली कुणी नसते, त्यामुळे उडालेल्या बॉलकडे आमच्या सगळ्या बघत राहतात.

बघ, तुझंच म्हणणं खरं होतं म्हणायची वेळ आली. फार खूश होऊ नकोस.

तुझ्या लक्षात येतंय ना मी काय मागतोय? तुझ्या बहिणीचा आवाज तू मोड, असं मी म्हणतोय. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. आणि तुला सोडून तो आवाज कुणाला इतका पाठ आहे?

आरोही अठरा वर्षांची आहे. प्राची एकोणिसाची होती.

भरत सर


२८ जानेवारी २०२५

हर्षाली,

तू बक्षीस समारंभाला थांबली नाहीस. ट्रॉफी तुझ्या सात नंबरच्या मुलीने घेतली आणि तू तोवर गाडी काढून निघून गेली होतीस. मला तुझ्याशी बोलायचं होतं. मी पार्किंगपर्यंत धावलो, या वयात, या गुडघ्यांनी.

अभिनंदन आधी करतो. आणि आभार मानायला गेलो होतो तर ते कुणाचे मानायचे हेच कळेनासं झालं. क्रमाने लिहितो, म्हणजे मलाही नीट संगती लागेल.

पहिल्या दोन क्वार्टरमध्ये तुझ्या मुली बाहेरून शॉट मारत राहिल्या. मधे एकही पास नाही. तुझी उंच मुलगी कॉर्नरला उभी, शोभेला. आम्ही चांगलेच पुढे होतो. माझ्या मुली नेहमीसारख्याच, तोंड मिटून, बॉल सुटायच्या आधी वळत होत्या. मी तुझ्याकडे बघत होतो. तू बाकावर मान तिरकी करून, डोळे मिटून बसली होतीस. ओरडली नाहीस, टाइमआउट घेतला नाहीस. मी मनात तुला नको ते बोललो. म्हटलं, हिने माझं पत्र फाडून टाकलं, पीळ काही सुटला नाही, आणि आता ती पोर जाणार.

मध्यंतरानंतर तुझ्या सात नंबरने पहिला बॉल फ्री थ्रो लाइनच्या मधे टाकला. तिथे कुणी नव्हतं! पण बॉल पोचेपर्यंत तुझी उंच मुलगी धावत तिथे आली, तीही दचकल्यासारखी. वळली आणि सरळ बास्केट. मग पुन्हा तेच. मग आतून पलीकडच्या कॉर्नरला, परत आत. मी लिहिलं होतं तस्संच, त्याहूनही सुरेख. मी म्हटलं, घे, हर्षालीने पत्र वाचलंय.

आणि माझ्या मुली थबकल्या. आरती एकीकडे, बाकीच्या दुसरीकडे. पाचही जणी मागे वळून बघत होत्या, रिंगकडे, खांबाकडे. आरोही तर बॉल सोडून मागेच बघत उभी राहिली. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. तुझ्या मुलींचे पॉइंट चढत गेले. आणि मग, शेवटच्या क्वार्टरमध्ये, आरोही ओरडली, "आरती, डावीकडं! अगं डावीकडं!" चुकीचं होतं, बॉल उजवीकडे गेला. पण हर्षाली, वर्षभरात आमच्या झोनमध्ये पहिल्यांदा जिवंत माणसाचा आवाज निघाला. मग आरती तिच्यावर ओरडली, मग सगळ्याच ओरडायला लागल्या, बाजारासारखा गोंगाट. हरल्या. मला आयुष्यात कधी हरल्याचा इतका आनंद झाला नव्हता. मी बाकावर रडत होतो आणि लोकांना वाटलं म्हातारा पराभवाने खचला.

सामना संपल्यावर आरोही माझ्याजवळ आली. म्हणाली, "सर, दुसऱ्या हाफला मागनं कोणीच बोललं न्हाई. लई एकटं वाटलं." मी तिला पोटाशी धरलं. काल ती मोहिनीबाईंबरोबर कालव्यावरून घरी गेली, आज कॉलेजला आली. मागे बघत नाही. वर्गात झोपली म्हणून मराठीच्या बाईंनी तिची तक्रार केली, ती मी पेढे वाटावेत अशी ऐकली.

आता पुढचं. तुझ्या सात नंबरचं मी कौतुक करायला गेलो. म्हटलं, "तुमच्या मॅडमनी मधे पास द्यायची छान तयारी करून घेतली." तर ती गोंधळली. म्हणाली, "नाही सर, मॅडमनी बजावून सांगितलं होतं, मधे पास द्यायचाच नाही. बाहेरूनच खेळा, हरलो तरी चालेल."

तेव्हा मला तुझे मिटलेले डोळे कळले. तू पत्र वाचलं होतंस. झोन उभा आहे तोवर ती तिथे आहे, म्हणून तुला तो मोडायचा नव्हता. तू तिला ऐकायला बसली होतीस. मला याचा राग यायला हवा, आरोहीचा जीव पणाला लागला होता. पण येत नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही डोळे मिटून बसलो असतो. तुला ऐकू आली का? माझ्या मते नाही. आली असती तर तू अशी पळून गेली नसतीस.

मी त्या मुलीला विचारलं, "मग मधे कुणाच्या सांगण्यावरून दिलास?"

ती म्हणाली, "तेच तुम्हाला विचारायचं होतं, सर. तुमच्याकडची कोण ओरडत होती मागून? 'मधी दे, मधी दे.' आधी वाटलं चिडवतायत. पण दिला की जागा मोकळीच असायची. नंतर मी विचारच केला नाही, ऐकलं की लगेच देत गेले. इतकं सोपं कधी वाटलं नव्हतं."

'मधी', हर्षाली. पुण्याची मुलगी 'मधे' म्हणते.

आपण दोघांनी जिला विचारून विचारून जे उत्तर मिळालं नाही, ते तिने परवा दिलं. अख्खा मोसम ती माझ्या पोरींच्या मागे उभी होती, आणि तुझा संघ समोर आल्यावर मध्यंतराला बाजू बदलून तुझ्याकडे गेली. तिला तुझ्याकडे यायचं होतं. मी मान्य करतो, आणि लिहिताना मला फार वाईट वाटतंय, कारण मला ती माझ्यासाठी थांबली असंच वाटत आलं होतं. तुझ्या आईला हे सांगायला माझी जीभ रेटणार नाही, तू सांग.

पण हे पत्र मी टपालाने न पाठवता एका माणसाच्या हाती आजच तुझ्या कॉलेजात पाठवतोय, ते यासाठी नाही. सात नंबर माझ्याशी बोलता बोलता बॅग भरत होती. मधेच तिने झटकन मान वळवली आणि म्हणाली, "काय?" तिच्या मागे भिंत होती. ती भिंतीकडे बघून हसली, माझा निरोप घेतला आणि निघाली. दारात तिने आणखी एकदा, कुणी हाक मारल्यासारखी, मान वळवली.

ती मुलगी कुठे राहते? घराच्या वाटेवर नदी आहे का, कालवा आहे का, मोठा रस्ता आहे का? मला माहीत नाही, तुझा फोन लागत नाही, आणि कॉलेजचं ऑफिस अजूनही "मॅडम ग्राउंडवर आहेत" एवढंच सांगतंय. हे वाचलंस की मला कळवत बसू नकोस, आधी तिच्याकडे जा. तिला एकटी घरी सोडू नकोस. ती पुढे चालू दे, आणि तिच्या मागून तू चाल.

भरत सर